थुंबा ते शिवार : गोवारीकरांकडून शिकलेलं

डॉ. वसंत गोवारीकर परभणीचे नव्हते. २५ मार्च १९३३ला पुण्यात जन्म, बालपण साताऱ्यात, पुढचं शिक्षण कोल्हापुरात आणि मग इंग्लंडात. उमेदीची वर्षं गेली ती केरळात, थुंब्याच्या समुद्रकाठी, रॉकेटचं इंधन तयार करण्यात. आमच्या जिल्ह्याशी त्यांचं नातं गावकीचं नाही, कामाचं आहे.

मी सेलू तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर घरची शेती बघतो. गोवारीकरांना मी कधी भेटलो नाही. तरी वर्गात त्यांचं पुस्तक, रेडिओवर त्यांचा पावसाचा अंदाज आणि शेतात खताचं पोतं उघडताना त्यांचं काम, असं हे माणूस तीन वाटांनी माझ्या आयुष्यात येत राहिलं. २ जानेवारी २०१५ला ते पुण्यात वारले. तेव्हापासून लोक त्यांची आठवण काढतात ती बहुधा ‘रॉकेट शास्त्रज्ञ’ म्हणून. मला ती अर्धीच वाटते. त्यांच्या कामाच्या संगतीत जे शिकलो, ते क्रमानं मांडतो.

१. पेटवण्याआधी सगळं तपासा, कारण पेटल्यावर हात घालता येत नाही.

विद्यार्थी हमखास विचारायचे, सर, रॉकेटमध्ये पेट्रोल घालतात का? मग मी फळ्यावर घन इंधन काढून दाखवायचो. त्यात प्राणवायू पुरवतं अमोनियम परक्लोरेट, जळतं ते ॲल्युमिनियमचं बारीक चूर्ण, आणि या दोघांना धरून ठेवतो एक रबरासारखा बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. लाडवात पाकाचं जे काम, तेच इथं या पॉलिमरचं. प्रमाणानं तो सगळ्यांत कमी, पण तो बिघडला की बाकीचं कितीही चांगलं असून उपयोग नाही. मिश्रण साच्यात ओततात, ते आत घट्ट बसतं. त्यात बारीकशी भेग राहिली तर पेटल्यावर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. द्रवरूप इंधनाचा पुरवठा झडप बंद करून थांबवता येतो. घन इंधन एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार.

बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. गार्नर यांच्या हाताखाली केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट केलेला हा माणूस १९६७मध्ये विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंब्याला आला. तिथं एका जुन्या चर्चच्या इमारतीत कचेरी होती आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आरएच-७५ हे देशी बांधणीचं छोटं रॉकेट उडालं. त्याचा व्यास होता ७५ मिलिमीटर. तिथून उपग्रह वाहून नेणाऱ्या एसएलव्ही-३ रॉकेटपर्यंतचा पल्ला बघा : २२ मीटर उंच, १७ टन वजन आणि चारही टप्पे घन इंधनाचे. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. १९७९मध्ये गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले आणि त्याच साली १० ऑगस्टला एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण बंगालच्या उपसागरात पडलं. दोष इंधनात नव्हता. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या एका झडपेतून आम्ल गळून गेलं होतं. झडप शोधली, दुरुस्ती झाली, आणि १८ जुलै १९८०ला त्याच बांधणीच्या रॉकेटनं ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला.

मी मुलांना हे सांगताना झडपेवर थांबायचो. एवढा मोठा डोलारा एका झडपेनं पाडला, आणि ती झडप नेमकी कोणती हे शोधून काढणाऱ्यांमुळेच पुढचं उड्डाण झालं. प्रयोगशाळेत ज्यांचं उत्तर चुकायचं त्यांना मी पुन्हा प्रयोग करायला लावायचो नाही. आधी चूक कुठं झाली ते लिहून आणायला सांगायचो.

२. माणूस परत येतो तो कामासाठी.

गोवारीकर इंग्लंडात हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि नंतर समरफिल्डला रॉकेट मोटरवर काम करत होते. तिथं त्यांचं बरं चाललं होतं. तरी ते परतले, कारण साराभाईंनी त्यांना नुसती देशभक्तीची साद घातली नाही, करायला काम दिलं. ज्याला रॉकेटचं इंधन कळतं त्याला रॉकेटचं इंधन बनवायलाच बोलावलं.

आमच्या जिल्ह्यातून पुण्याला, हैदराबादला गेलेली मुलं परत येत नाहीत, ही तक्रार मी पारावर, लग्नात, सत्काराच्या भाषणांत ऐकत आलो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. पण परत आलेल्या इंजिनिअरच्या हाती देण्यासारखं काम आपल्याकडे काय आहे? परभणीच्या कृषी विद्यापीठात बाहेरून शिकून आलेले शास्त्रज्ञ टिकले, कारण १९७२पासून तिथं ज्वारी, कापूस आणि तुरीवरचं काम उभं होतं. परभणी मोती, परभणी शक्ती ही ज्वारीची वाणं, परभणी क्रांती ही भेंडी त्या कामातून आली. मुलांना दोष देण्याआधी आपण हे बघावं.

३. जे कळलं ते विद्यार्थ्याच्या पुस्तकात उतरवावं.

१९८६मध्ये त्यांनी एन. व्ही. विश्वनाथन आणि जयदेव श्रीधर यांच्या जोडीनं ‘पॉलिमर सायन्स’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक काढलं. देशभरातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते वापरलं, मीही त्यावरच शिकलो आणि शिकवलं. लहान गावातल्या मास्तराला त्याचा मोठा आधार होता. विदेशी पुस्तकं महाग असत आणि वाचकाला निम्मं माहीत आहे असं धरून चालत. हे पुस्तक एका रेणूपासून सुरुवात करतं आणि साखळी कशी वाढते, कुठं थांबते, रबर ताणलं तर परत का येतं, इथवर हात धरून नेतं.

संशोधनाचे निबंध थोड्या लोकांसाठी असतात. पाठ्यपुस्तक जिंतूरच्या मुलालाही मिळतं. मोठ्या संस्था सांभाळणाऱ्या माणसानं पाठ्यपुस्तकासाठी वेळ काढला, हे मला त्यांच्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

४. अंदाज असा सांगावा की तो चुकला तर दिसेल.

हा माझा सगळ्यांत मोठा धडा, म्हणून इथं जरा थांबतो.

१९८६ ते १९९१ गोवारीकर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. १९८७चा मोठा दुष्काळ याच काळातला. देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. पुढच्याच वर्षी, १९८८मध्ये, त्यांनी हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञांसह सोळा घटकांचं मान्सूनचं गणित वापरात आणलं. रॉकेटच्या इंधनातला माणूस पावसात कशाला पडला, असं त्या वेळी पुष्कळांना वाटलं असेल. माझ्या मते तो बरोबर जागी आला होता. उष्णता एका वस्तूतून दुसरीत कशी जाते हाच त्यांच्या डॉक्टरेटपासूनचा विषय, आणि पाऊस तरी दुसरं काय आहे? हिमालयावर आणि युरोप-आशियात हिवाळ्यात बर्फ किती होता, प्रशांत महासागर तापला आहे का, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला हवेचा दाब किती, मार्चमध्ये पूर्व किनाऱ्यावरचं रात्रीचं तापमान किती, उंचावरचे वारे कुठल्या दिशेला, अशा सोळा खुणा मोजायच्या. किती अनुकूल, किती प्रतिकूल ते बघायचं आणि देशाचा चार महिन्यांचा पाऊस ८८ सेंटिमीटरच्या सरासरीच्या किती टक्के पडेल ते आधीच जाहीर करायचं. १९८८ला चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस १९ टक्के जास्त पडला.

त्याआधी आमच्या गावात पावसाचं भविष्य गुढीपाडव्याला पंचांगातून वाचलं जायचं. मृगाचं वाहन काय, आर्द्रेचं काय. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की लोक खूश. पंचांगाचा मान मी मोडत नाही, माझ्या घरीही ते वाचतात. पण पंचांग चुकलं असं कुणाला कधी म्हणता येत नाही, कारण ‘बरा पाऊस’ म्हणजे किती मिलिमीटर हे त्यात नसतं. गोवारीकरांचा आकडा सप्टेंबरअखेर हिशेबाला समोर उभा राहायचा.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, परभणी आकाशवाणीवर बातम्या लावून बसायचे. एका वर्षी असा अंदाज ऐकून ते म्हणाले, “समद्या देशाचा पाऊस एका आकड्यात सांगतेत. आपल्या वावरात कवा पडल, हे सांगतेत का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. देशभर शंभर टक्के पाऊस पडतो तेव्हाही पाथरीत उभं पीक वाळू शकतं. तो आकडा सरकारला धान्याचा साठा आणि विजेचं नियोजन करायला उपयोगी, सोनपेठच्या कापूसवाल्याला फारसा नाही. पण आबांच्या प्रश्नाचं उत्तरही, सोळा घटकांचं गणित आलं त्याच सालापासून, तयार होऊ लागलं होतं. गोवारीकर सचिव असताना, १९८८मध्ये, त्यांच्याच विभागाखाली मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीत सुरू झालं. क्रे कंपनीचा महासंगणक आणला गेला तो याच कामासाठी. पुढं १९९१पासून त्या केंद्राचे तीन-चार दिवसांचे अंदाज कृषी विद्यापीठांच्या हवामान विभागांकडे जाऊ लागले आणि त्यावरून शेतकऱ्यांसाठी सल्ला निघू लागला. आज परभणीच्या विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी जो कृषी हवामान सल्ला निघतो, त्याचं मूळ इथं आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ही त्यातली जूनमधली सूचना पाळली की दुबार पेरणीचा धोका पुष्कळ कमी होतो. एका बियाण्याच्या थैलीची किंमत ज्याला माहीत आहे त्याला या सूचनेचं मोल सांगायला नको.

आता दुसरी बाजू. १९८८पासून २००१पर्यंत देशाचा पाऊस साधारण किंवा त्याहून चांगलाच राहिला, त्यामुळे सोळा घटकांचं गणित खरं ठरत गेलं. २००२मध्ये अंदाज साधारण पावसाचा होता आणि पाऊस १९ टक्के कमी पडला. त्या वर्षीच्या जुलैत तर देशात जेमतेम निम्मा पाऊस झाला. हवामान खात्यानं ते गणित बाजूला ठेवलं आणि २००३पासून नवी सूत्रं आणली. मला स्वतःला यात गोवारीकरांचा पराभव दिसत नाही. चांगल्या वर्षांत कुणाचंही गणित बरोबर येतं, खरी परीक्षा वाईट वर्षाची. आकडा उघडपणे सांगितला होता, म्हणून तो चुकलेला दिसला. चुकलेला दिसला म्हणून सुधारता आला. आमच्याकडे बाजारभावाचे, निवडणुकीचे, पीकविम्याचे अंदाज रोज ऐकायला मिळतात. सांगणाऱ्याला मी विचारतो, आकडा किती आणि तारीख कोणती? जो सांगत नाही, त्याचं ऐकत नाही.

५. पोत्यावरचे आकडे वाचायला शिका.

निवृत्तीच्या वयात लोक आत्मचरित्र लिहितात. गोवारीकरांनी खतांचा ज्ञानकोश लिहिला. २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. रॉकेटपासून खतापर्यंत ही उडी वाटते तेवढी लांब नाही. रॉकेटमधलं अमोनियम परक्लोरेट आणि आपल्या डीएपीमधलं डायअमोनियम फॉस्फेट, दोन्हीत अमोनियम आहे. एकीकडे जोडीला परक्लोरेट, दुसरीकडे फॉस्फेट.

गावात मी आधी एक गोष्ट केली. दुकानातून पोतं घेऊन येणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याला पोत्यावरचे आकडे विचारायला लागलो. डीएपीवर १८:४६:० असतं, म्हणजे शंभर किलोत १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद आणि पालाश शून्य. १०:२६:२६ मध्ये तिन्ही. युरियात फक्त नत्र, ४६ टक्के. जन्मभर ही खतं टाकणाऱ्या कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. शेजाऱ्यानं डीएपी टाकलं म्हणून आपणही टाकायचं, दुकानदार जे म्हणेल ते घ्यायचं, असं चाललं होतं. यात त्यांचा दोष नाही. सांगायला हवं होतं ते आम्हा शिकलेल्यांनी.

आमची काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या वर. अशा जमिनीत टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि पिकाला थोडंच मिळतं. जस्त आणि लोहाची कमतरता पडते, म्हणून सोयाबीनची कोवळी पानं पिवळी होतात. ती पिवळी दिसली की शेतकरी आणखी युरिया टाकतो. पैसे जातात, पिवळेपणा जात नाही. माती परीक्षण केलेलं असेल तर लोहाची फवारणी किंवा झिंक सल्फेट, बस्स. एवढी साधी माहिती गोवारीकरांसारख्या माणसाला मोलाची वाटली आणि त्यांनी तिला वर्षं दिली.

६. घरच्यांचं काम घरच्यांच्या नावानं दिसू द्या.

त्या ज्ञानकोशाच्या लेखकांत त्यांच्या पत्नी सुधा गोवारीकर यांचं नाव आहे. नंतरच्या कीडनाशकांच्या ज्ञानकोशावरही आहे. ऋणनिर्देशातली ‘पत्नीनं सांभाळून घेतलं’ ही ओळ आपण खूप पुस्तकांत वाचतो. इथं त्या सहलेखक आहेत. पत्नी आणि तीन मुली असा त्यांचा संसार. त्याची आतली गोष्ट मला माहीत नाही आणि ती आपली चर्चेची बाबही नव्हे. मुखपृष्ठावर छापलेलं नाव मात्र सगळ्यांसाठी आहे.

आमच्या शिवारात खुरपणी, कापूसवेचणी, बियाणं निवडणं हे बहुतेक सगळं बायका करतात, आणि सात-बारावर नाव पुरुषाचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा मराठवाड्यातल्या काही शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पुढं ते मागं पडलं. आमच्या घरी आईनं जन्मभर जी दोन एकर कसली, ती तिच्या नावावर करायला मी आबांच्या मागं लागलो आणि ते केलं. तलाठ्याकडचे हेलपाटे झाले, पण कागद आईच्या हातात आला तेव्हा तिनं तो ट्रंकेत देवांच्या फोटोखाली ठेवला.

७. विज्ञान मराठीत बोला.

गोवारीकर मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या सचिवपदाच्या काळातच २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन ठरला आणि १९८७पासून साजरा होऊ लागला. १९२८मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, हे आता आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरही सांगतं. पण बहुतेक शाळांत तो दिवस रांगोळी, भाषण आणि थर्माकोलच्या ज्वालामुखीवर भागवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या दिवशी पोरांनी स्वतः केलेलं, मोजलेलं काही आपल्या मराठीत गावाला समजावून सांगावं.

८. निवृत्ती म्हणजे विषय बदलण्याची संधी.

इंधन, पाऊस, लोकसंख्या, विद्यापीठ, खत, कीडनाशक. आयुष्यभराच्या कामांची ही यादी एका माणसाची आहे. दर वेळी ते नव्या विषयाला पहिल्यापासून भिडले. माझ्या ओळखीचे कितीतरी मास्तर निवृत्त झाले की पेन्शन आणि गुडघे यांच्यापलीकडे बोलत नाहीत. त्यांच्यापैकी ज्यांना मी ओढून शेतीत, वाचनालयात किंवा पाणलोटाच्या कामात आणलं, ते अजून ताठ चालतात.

शेवटी परभणी जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. अतिवृष्टीची भरपाई ठरते ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की नाही यावर, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. यंत्र असलेल्या गावात पाऊस होतो आणि दहा किलोमीटरवरच्या गावात होत नाही, किंवा उलट, हे आपण दर वर्षी भोगतो. म्हणून प्रत्येक शाळेच्या अंगणात एक साधा पर्जन्यमापक बसवा. तो फार महाग नाही. मुलांकडून रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून घ्या, आकडा आणि तारीख वहीत लिहून घ्या, सुट्टीच्या दिवशीही. आणि येत्या २८ फेब्रुवारीला भाषणाऐवजी ती वही गावापुढं वाचून दाखवा.